अठ्ठाविसावा दिवस

डुलुथमध्ये मार्च म्हणजे हिवाळाच, फक्त कंटाळलेला.
बंदरात बर्फ फोडणारी बोट घरघरते आहे
आणि मी फार्मसीच्या रांगेत चौथी.
कूपन घरी विसरले नाही,
आजची पहिली बातमी.

खिडकीआडची मार्लिस मान हलवते.
दिवसभर पुरणारी नाहीये. गावात कुणाकडेच नाहीये.
खाडीपलीकडे सुपीरियरला विचारून बघ,
पण ते राज्य वेगळं, तिथं कागद नवा लागेल.
चार तासांची आहे. तुझ्या नव्या इन्शुरन्समध्ये ती बसत नाही.
आकडा ती तोंडानं सांगत नाही,
स्क्रीन माझ्याकडे वळवते,
डॉक्टर एक्स-रे वळवतात तशी.
गाडीचे मागचे दोन टायर.
तेवढा.

एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं, याला नाव आहे.
त्याआधीही नावं होतीच की. वेंधळी, धांदरट,
आणि प्रगतिपुस्तकात दरवर्षी: हुशार आहे, पण.
त्या ‘पण’मध्ये मी चाळीस वर्षं राहिले,
भाडं भरत.

पेपर मिलच्या ब्रेकरूममध्ये आम्ही तिघं
औषधांबद्दल बोलतो, लोक हॉटेलांबद्दल बोलतात तसं.
ऑरिन वेल्डर आहे. त्याची छोटी पांढरी, स्वस्त,
पण उतरते कशी, तर जिना संपलाय हे न कळता
आणखी एक पायरी समजून पाय टाकावा, तशी.
डेल्फीनची कॅप्सूल निळी. ती म्हणते,
पहिल्या दिवशी मी फ्रिजचा आवाज ऐकला
आणि तो नुसता फ्रिजचा आवाज होता.
हे सांगताना तिचे डोळे भरले,
ऑरिननं तिच्यापुढे चिप्सचं पाकीट सरकवलं.
मी तिसरीच एक घेऊन पाहिली होती, सहा आठवडे.
झोप गेली, भूक गेली, भांडणंही गेली.
मी मी नव्हते,
चांगल्या वळणाची शेजारीण होते.

आता रविवारी गोळी नाही.
कधीमधी शनिवारीही नाही, वाचवते.
त्या दिवशी घरात तीन नळ चालू, एक भिंत अर्धी पिवळी,
सूप करपलेलं, आणि मी कपाटात बसून
जुनी पत्रं वाचत. सिग्ने नऊ वर्षांची आहे.
दारात उभी राहून विचारते,
आज कुठली आई?
रागानं नाही. बाहेर हवा कशी आहे
तसं, कोट घालायचा की नाही
ते ठरवायला.

मार्लिस, पंधराच दे.
ती चपट्या पट्टीनं मोजते: पाच, दहा, पंधरा.
मी मनात वाटप करते.
टॅक्सचा दिवस, एक. शाळेतली बैठक, एक.
मिलमध्ये माल मोजायचाय, तीन दिवस, तीन.
सिग्नेच्या वाढदिवसाला घ्यावी की नाही?
त्या दिवशी तिला कुठली हवी असेल?
विचारता येत नाही असं काही.
बाकीच्या कुठं घालू तेही ठरत नाही,
आणि मागचा माणूस खोकतो.

घरी जाताना पूल उचललेला.
आम्ही वाळूच्या पट्टीवर राहतो, पुलाच्या मर्जीवर.
इंजिनं बंद करून सगळे थांबलेत,
डॉक्टर, प्लंबर, कुत्रा घेऊन बसलेली बाई,
गोळीवाले आणि बिनगोळीवाले.
मी बाटली उघडते, पुन्हा मोजते.
विश्वास नाही म्हणून नव्हे,
हातात आहेत हे बघायला.
चौदापर्यंत आले असेन,
तेवढ्यात मोसमातलं पहिलं जहाज आलं,
लाल, अवाढव्य, हिवाळ्याचा गंज अंगावर घेऊन
इतक्या जवळून गेलं
की डेकवरच्या माणसाची टोपी दिसली, हिरवी,
गोंडा सुटलेला, कुणी विणली असेल,
कुणाच्या हातची लोकर ती,

मागच्या गाडीनं हॉर्न दिला.
पूल केव्हाच खाली आला होता.