दारूची खोली, कंपू

इंगळेमामा चपला बाहेर काढतात,
काडेपेटी उंबऱ्याअलीकडच्या कोनाड्यात,
तिच्यावर बिडीचं बंडल,
मग मोबाईल. "त्यालाही जरा इथंच झोपू दे."
तेव्हा कुठे कुलपाला हात.

मे महिना. कंपूच्या रस्त्यावर डांबर टाचेला धरतंय.
किल्ल्याचा खडक दिवसभर तापतो
आणि रात्री सगळ्या लष्करावर ओततो.
पण ही खोली उत्तरेला तोंड करून बसलेली,
भिंती दोन हात जाड,
आणि तापमापकाकडे मामा बघतात
तापलेल्या पोराच्या कपाळाकडे बघावं तसे.

गेल्या साली पाटी वाचून नवा दरोगा चमकला होता:
"यहाँ दारू रखते हो?"
मामा म्हणाले, रखते हैं साहब, पीते नहीं.
मग पाटीवर खाली खडूनं लिहिलं: बारूद.
ती ओळ अजून पुसलेली नाही.

लाकडी कपाटात डबे.
ज्याचा त्याचा मूळ डबा, ज्याची त्याची चिठ्ठी:
नाव, लॉट, कधी आला, कधी उघडला.
मी म्हटलं, मामा, हे दोन बघा,
नाव एक, कंपनी एक, तळाशी ओंजळभर उरलीय दोन्हींत.
एकात एक ओतू? फळीवर जागा होईल.

"आडनाव एक म्हणून भाऊ होत नाहीत.
याला पेटायची घाई, तो जरा सुस्त.
तुझ्या काडतुसात कोण किती उतरला, सांगशील?
कारखानेवाले मिसळतात, हो.
मिसळतात, मोजतात, पुन्हा मोजतात.
आपल्याकडे काय? एक तराजू आणि देव.
आणि देव काही नेमबाज नाही."

मग बराच वेळ बोलले नाहीत.
एकेक डबा टेबलावर, एका वेळी एकच,
झाकण उघडून हातानं वारा नाकाकडे घेत.
आंबट वास आला की त्याचं वय झालं;
तसला एक निघाला होता पावसाळ्यानंतर,
वहीत तांबड्या शाईनं रेघ मारली होती त्याच्यावर.

तिसऱ्या डब्यापाशी, माझ्याकडे न बघता:
"लोणच्याची बरणी होती. काचेची.
छबूराव शितोळ्यांनी उरलंसुरलं सगळं त्यात ओतलेलं.
अकरा बार नीट गेले, आम्ही टाळ्या वाजवल्या.
बाराव्याला रायफलीनं तोंड मागं फिरवलं.
अंगठा गेला. डोळा वाचला, तेवढं नशीब.
बरणी मी आदल्याच दिवशी पाहिली होती, कोरी,
चिठ्ठी नाही, काही नाही.
ते मोठ्या घरचे. मी गप्प बसलो."
झाकण लावलं. दोनदा दाबून पाहिलं.

बाहेर रेंजवर कुणीतरी पाच गोळ्या सावकाश सोडल्या.
मी त्या मोजल्या, मामांनीही मोजल्या असाव्यात.

रिकाम्या डब्याची चिठ्ठी ते नखानं खरवडतात
पार पत्रा दिसेपर्यंत,
म्हणजे उद्या कुणी त्यात दुसरं काही भरून
जुन्या नावावर विश्वास टाकणार नाही.

एक तारखेपासून किल्ली माझ्याकडे.
म्हणाले, नवा डबा आलाय, लिही तूच.
मी लिहायला घेतलं, बोटं घामेजलेली,
"लॉट" लिहिलं आणि पेन थांबलं.
मामा चष्मा वर करून वाकले.
"तुझा ल हिंदी झाला गं."

खरंच की. मिसहिल शाळेतला दंडवाला ल,
घरी आईनं घोटून घेतलेला
तो दोन पाकळ्यांचा नव्हे.
खोडू का, विचारलं.

"राहू दे. वाचता येतो.
तारीख घाल."