वाकून

वायोमिंगमध्ये वाऱ्याला अडवणारं काही नाही.
स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून मी पश्चिमेला निघालेली,
शेजारी डेलमारमामा,
त्याच्या मांडीवर पिवळ्या शेवंतीची कुंडी,
व्हर्नामावशीच्या दफनासाठी.
तिला फुलं कधीच आवडली नाहीत,
असं तो तासातासाला सांगतो
आणि कुंडी अजून घट्ट धरतो.

कॉफीसाठी महामार्ग सोडला.
पाटी त्यानं वाचली, मी नाही:
जुना तुरुंग. संग्रहालय. ज्येष्ठांना सवलत.
"बघू या," म्हणाला.
ग्रँड कॅन्यनच्या काठावर नेलं होतं तेव्हा
गाडीतून उतरला नव्हता हा माणूस.

माहिती सांगायला ब्रायनी, एकोणीस वर्षांची,
कमरेला प्लॅस्टिकच्या किल्ल्यांचा जुडगा.
दगड याच टेकडीचा, कैद्यांनीच फोडलेला, ती म्हणाली.
नेब्रास्काचं एक कुटुंब, पट्ट्यापट्ट्यांच्या टोप्या घालून,
फोटो काढत होतं.
रंगाचे पोपडे पडलेले. थरांखाली थर,
हिरवा, मग मळका गुलाबी, मग पुन्हा हिरवा.

दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर एक लोखंडी कमान.
"इथे जरा डोकं..."
ब्रायनीचं वाक्य अर्धंच होतं,
मामा वाकून पलीकडे गेलासुद्धा.
सहा फूट दोन इंच.
चर्चच्या तळघरात, माझ्या गॅरेजमध्ये,
ज्या ज्या चौकटीवर कपाळ आपटायचं
त्या त्या चौकटीवर आपटून घेतलेला.
इथे त्यानं वर पाहिलंही नाही.
वाकला, दोन पावलं टाकली, सरळ झाला.
जपून चाला, अशी पाटी होती कमानीवर,
पण पलीकडच्या बाजूला.

मी तिथेच थांबले, कठड्याला धरून.
अलास्का.
माझ्या जन्माआधीची चार वर्षं, खेकड्यांच्या बोटीवर.
आमच्या घरात ही गोष्ट इतकी वापरली गेली होती
की तिच्यात समुद्र किती कमी आहे
हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

एका कोठडीत सगळ्यांना कोंबून
ब्रायनीनं दार लावलं. अर्धा मिनिट. मुलं खिदळली.
मामा आत गेला नाही.
बाहेर, भिंतीला पाठ लावून, हात शिवणीवर,
आम्ही निघेपर्यंत उभा.
थँक्सगिव्हिंगला आमच्या स्वयंपाकघरात तो असाच उभा राहतो.
आम्हाला वाटायचं, बुजरा आहे.

"ते खायचे काय?" एका पोरानं विचारलं.
ओटची लापशी, घेवडा, पाव, ब्रायनी म्हणाली.
"रविवारी जर्दाळू," मामा म्हणाला. "डब्यातले. दोन."
सगळे हसले.
"हे मला माहीत नव्हतं! कुठे वाचलंत?"
"असंच कुठेतरी."
तिनं तळहातावर पेनानं लिहून घेतलं: जर्दाळू, २.

बाहेर आलो. कॉफी राहून गेली.
गाडीचं दार मी उघडेपर्यंत तो थांबला.
नेहमीच थांबतो. गुडघा दुखतो, म्हणतो.

मी काही विचारलं नाही.
कोळशाची मालगाडी बराच वेळ आमच्या बरोबरीनं धावली,
मग वळून गेली.
चाळीस मैल. सेजची झुडपं, कुंपणं,
कुंपणाला अडकून फडफडणारी एक पिशवी.

"व्हर्ना यायची," तो समोरच्या काचेला म्हणाला.
"महिन्यातून एकदा, बसनं.
पहिल्यांदा फुलं घेऊन आली होती.
दारावर काढून घेतली.
चिरून बघितली, देठ न् देठ.
नंतर म्हणायची, मला नाही आवडत फुलं."

मी वेग कमी केला, उगाचच.

मग बऱ्याच वेळानं,
कुंडीतल्या मातीत बोट खुपसून बघत:
"कोरडी पडलीय गं.
पुढच्या पंपावर थांब जरा.
पाणी घालू."