दोन डबे, एकच दोर

सव्वीस वर्षं मी याच खोलीत बसते.
खिडकीतून बंदर दिसतं, धुकं नसेल तर.
हातात दांडा, पायाशी हीटर
आणि टेकडीच्या उतारावर दोन डबे:
एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो,
दोघं एकाच दोराला बांधलेले.
वाल्पाराइसोतलं शेंबडं पोरही हे जाणतं.

रक्तदाब निघाला बावन्नाव्या वर्षी.
एक गोळी. मग दोन. मग तिसरी, अर्धी, रात्रीची.
मीठ सोडलं.
रामिरोशी भांडणं सोडली, म्हणजे कमी केली.
तरी पट्टा दंडाला आवळला की
पारा एकशे अडुसष्टच्या खाली यायला राजी नाही.
"काळजी करता तुम्ही," दवाखान्यातले म्हणाले.
करते की. मुलगा खाणीत आहे, वाळवंटात.
पण काळजी काय सगळ्याच आया करतात,
त्यांचा दाब बरा गोळीचं ऐकतो.

मधे मुतखडा होऊन गेला.
पायरीवरून घसरले एवढ्यावरून मनगट मोडलं.
तहान अशी, की कामावर दोन बाटल्या.
आणि थकवा.
थकव्याचं कुणाला सांगणार,
साठीला टेकलेली बाई थकतेच म्हणे.

हे सगळे सुटे सुटे प्रवासी.
एकाच डब्यात बसून
कुणी कुणाला ओळख दाखवत नव्हतं.

मग बदलून आली डॉक्टर मियाराय,
दक्षिणेकडची, बोलायला कमी.
तिनं माझी जाडजूड फाइल उलटी वाचली, मागून पुढे,
आणि सहा वर्षांपूर्वीच्या एका कागदावर थांबली.
कॅल्शियम, दहा पूर्णांक नऊ.
शेजारी बारीकसा तारा छापलेला.
त्या ताऱ्याकडे कुणी मान वर करून पाहिलंच नव्हतं.

तिनं आधी लघवीची गोळी बंद केली,
तीही कॅल्शियम चढवते म्हणे.
महिनाभर थांबली. पुन्हा रक्त: अकरा पूर्णांक दोन.
मग चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवायची.
तो कॅन मी कामावर नेला.
एलेउतेरियोनं सरबत समजून हात घातला,
मी अशी ओरडले, की त्यानं डबे मधेच थांबवले.

निकालाच्या दिवशी तिनं कागदावर मान काढली,
मानेत चार ठिपके.
"तांदळाच्या दाण्याएवढ्या ग्रंथी. कॅल्शियम सांभाळणं एवढंच यांचं काम.
ते वर गेलं, की यांच्या रसानं खाली यायचं.
तुमच्यात दोन्ही वर आहेत."
ती आणखी समजावणार होती. मी म्हटलं, पुरे.
दोन्ही डबे एकाच वेळी वरच्या फलाटावर?
बाई, मग दोर तुटलाय.

ती पहिल्यांदा हसली.
"चौघींतली एक ऐकेनाशी झालीय.
तुमच्याच हाडांतून काढते आणि रक्तात ओतते."

"आणि दाब?"
ती जरा वेळ पेनाचं टोपण काढघाल करत राहिली.
"संबंध आहे. रक्तवाहिन्या ताठरतात, मूत्रपिंडावर ताण येतो,
पण नेमकं कसं, ते आम्हालाही पुरतं उलगडलेलं नाही.
गाठ काढल्यावर काहींचा उतरतो,
काहींचा नाही. वचन देत नाही."
सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला
माहीत नाही म्हणालं.
मी तिथंच सही केली.

डावीकडची खालची निघाली, ऑलिव्हएवढी.
रामिरोला बघायला मिळाली, मला नाही.
आठवडाभर ओठांना मुंग्या,
जिभेवर खडूच्या गोळ्या.

आता कॅल्शियम नऊ पूर्णांक तीन.
दाब एकशे बेचाळीसवर अडलाय.
रात्रीची अर्धी सुटली, बाकीच्या चालूच.
सुटलेलीची पट्टी खणात आहे अजून, टाकवत नाही.

काल धुकं इतकं, की उतारच नाहीसा झाला.
दांडा ओढला. दोर गुणगुणला.
स्कार्फखाली टाके खाजत होते.
एक डबा वर आला, रिकामा, ओला.
म्हणजे दुसरा खाली टेकलाच असणार.
तरी खाली फोन लावून विचारलं.