नुसता काठ

गोळीबार चौकापासून तिसऱ्या गल्लीत माझं दुकान.
सीट कव्हर, मॅट, डॅशबोर्डवरचे गणपती,
आणि काउंटरखालच्या डब्यात
चाळीस रुपयांची ती चकचकीत जीभ,
बकलमध्ये खोचली की गाडी गप्प बसते,
माणूस मोकळा असला तरी.
महिन्याला साठ-सत्तर जायच्या.
मला काय, मी विकायचो.

बाबांचा माग बंद पडून अठरा वर्षं झाली.
तांडापेठेत त्या खड्ड्यावर आता पाण्याची मोटर आहे.
दुपारी ते दुकानात येतात, कूलरसमोर बसतात,
हाताला काम नाही म्हणून जे येईल ते चाचपतात.
रेक्झिनला नाक मुरडतात: "ना कापड, ना कातडं."

एकदा भंगारातला पट्टा त्यांच्या मांडीवर पडला.
नखाने कड उसवून पाहिली. उसवेना.
मग चष्मा कपाळावर ढकलून मोजत बसले.
"तीनशेच्या वर ताणे हायेत बे, तीन बोटाच्या पट्टीत!
लुगडं कुठी हाय याचं?"
लुगडं नाही, बाबा. नुसता काठ.

बुटीबोरीच्या ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं मी त्यांना सांगितलं:
आधी पट्टा नुसता कमरेला असायचा,
धडक बसली की माणूस मधोमध दुमडायचा.
मग स्वीडनात एक इंजिनिअर होता,
तो विमानाच्या खुर्च्या करायचा,
वेळ आली की वैमानिकाला आभाळात फेकणाऱ्या.
त्यालाच मोटारवाल्यांनी बोलावलं:
आता न सोडणारी खुर्ची कर.
त्याने एक पट्टा खांद्यावरून घेतला, एक मांडीवरून,
दोन्हींची गाठ खाली, बाजूला.
कंपनीने पेटंट घेतलं आणि सगळ्या जगाला उघडं ठेवलं.

"फुकट?"
फुकट.
"आमच्या काठाचं डिझाइन बी फुकटच गेलं," बाबा म्हणाले,
"पण आमाले कोनी इचारलं नोतं."

मे महिन्यात खेमराज लांजेवारची गाडी टो होऊन आली.
अमरावती रोड, वाडीच्या पुढे, उभा ट्रक.
खेमराज स्वतः चालत आला. शर्टाची बटणं सोडून दाखवली:
खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपी, हिरवी-निळी पट्टी.
बाबा उठून जवळ गेले.
"काठ उमटला," हळूच म्हणाले.

पट्टा बाहेर लोंबत होता, आत जात नव्हता.
सूत एका जागी वितळल्यासारखं चमकत होतं.
"याचं झालं," बाबा म्हणाले. "एकडाव जीव पेलला यानं.
आता नवा बसव, हा धुऊन नको वापरू."

मग खेमराजने मागच्या सीटकडे पाहिलं.
मीही.
माझंच कव्हर. दुहेरी शिलाई, मरून पायपिंग,
आणि त्याच्या खाली
माझ्याच हाताने दाबून शिवलेली तीन बकलं.
"मागे वहिनी होती," तो म्हणाला.
"मेडिकलला आहे. अजून ओळखत नाही कोणाला."

आता कव्हर बेतताना बाबा खडू घेऊन बसतात.
बकल जिथे, तिथे खूण. मी कापतो, कडेला बटणटाका घालतो.
गिऱ्हाइकाला ते ऐकवतात, न विचारता:
पोटावर नको, कमरेच्या हाडावर.
गळ्याला नको, हसळीवर.
काखेखालून काढशील तर काढूच नको.
आणि पिळा सोडव आधी,
पिळलेला ताणा भार घेत नाही.
परवा सातव्या महिन्याची एक बाई आली, तिला म्हणाले,
"पोटाच्या खालून घे, माय. खाली. आणखी."

जिभांचा डबा अजून काउंटरखालीच आहे.
विकत नाही, फेकलाही नाही.
लोक विचारतात. समोरच्या दुकानात तीस रुपयांना मिळते.

संध्याकाळी घरी जायला व्हॅनमध्ये बसतो.
बकल दिवसभराच्या उन्हाने तापलेलं असतं.
बाबा त्यावर फुंकर घालतात,
पट्टा हळू ओढतात, येतो.
हिसका देऊन पाहतात, अडतो.
रोज पाहतात.
गाडी ओरडत असते,
आणि ते माझ्याकडे बघत बसलेले असतात.