वयाचा रकाना

पाषाणच्या तळ्यामागे, जाळ्याच्या तिसऱ्या खिशात
एक सातभाई उलटा लटकलेला.
बाकीचे सहा
(मोजले तर आठ भरले)
बाभळीवरून आमचा उद्धार करतायत.

हिरामण काळे आधी पाय सोडवतात, मग पंख,
शेवटी मान.
हे हात त्यांच्या बापाचे.
तेव्हा मात्र पिशवी इथून थेट बाजारात जायची.

मी शेपूट उलगडून उजेडात धरते.
सगळ्या पिसांवर, एकाच उंचीवर, एक फिकट रेघ.
घरट्यात सारी पिसं एकदम वाढतात
म्हणून उपाशी गेलेला दिवस
सगळ्यांवर सारखा उमटतो.
पुढे पिसं एकेक करून बदलतात,
मग भूक अशी ओळीत सापडत नाही.

"डोळा बघा," काळे म्हणतात.
डोळा अजून मातकट, गाळलेल्या चहाचा.
थोराचा ताकासारखा निवळतो.
"पावसाळ्यातलं पोर. वर्षाचं न्हाई झालं."
मी रकान्यात लिहिते.
खोडत नाही.

वजन एकोणसत्तर ग्रॅम. पायात कडं.
नंबर मी वाचला, काळ्यांनी तो परत म्हटला,
आणि मूठ उघडली.
बाभळीवर एकच गलका.

मग थर्मासचं झाकण, आणि खिशातून
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं आधार कार्ड.
म्हातारपणाच्या पगाराचा अर्ज भरायचाय.
जन्म: एक जून.
साल येरवड्याच्या केंद्रातल्या पोरानं
तोंडाकडे बघून टाकलेलं.
"त्यो म्हनला, किती लिहू?
म्या म्हनलं, दिसतंय तेवढं लिही."
त्या दिवशी नेमकी दाढी केली होती.
आता पगाराला सात वर्षं कमी पडतायत.

आई सांगायची, बिऱ्हाड सांगवीच्या रानात उतरलं होतं
आणि ज्वारी हुरड्यात होती.
म्हणजे जून तर नाहीच.
अर्जात हुरड्याला जागा नाही.

"पाखराचं सांगता, ताई. माझं सांगा."
हसत हसत ते चष्मा काढतात.
मी खरंच बघते, सवयीने,
उजेडाकडे तोंड करायला लावून.
बुबुळाभोवती निळसर राखी कडं,
बिननंबराचं.
साठ? सत्तर?
चौथ्या जाळ्यात काहीतरी फडफडलं.
चहा तसाच ठेवून
काळे माझ्याआधी उठले.