पाणकावळा

दहाव्याला कावळे आले,
घाटावरच्या दगडी देवळांवर ओळीनं बसले
आणि भाताकडं पाहून न पाहिल्यासारखं केलं.
बाळासो काका हात जोडून एकेक कबूल करत गेला:
म्हस विकणार नाही. थोरल्याशी बोलेन.
पोरीचं लग्न तिच्या मर्जीनं
(हे माझ्याकडं न बघता).
कावळे ढिम्म.
शेवटी भटजींनी दर्भाचा एक केला
आणि घड्याळ पाहिलं.

मी तुला पाहत होते,
पुरात मोडलेल्या खांबावर
पंख उघडून उभा, काळा, निथळता,
दोरीवर बाह्या ताणून टाकलेला सदरा जसा.
नावात कावळा, पण या कामाचा नव्हेस.
तुला भात चालत नाही.

आण्णांनी अर्ध्या शुक्रवार पेठेला
पाठीवर डबा बांधून ह्याच पाण्यात ढकललं.
मलाही. मुलगी म्हणून डबा मोठा नव्हता.
ते बुडी मारायचे, आम्ही पायरीवर मोजायचो:
साठ, सत्तर, एखादं पोर रडायला लागायचं,
आणि ते भलतीकडंच वर यायचे,
चूळ उडवत.

सीपीआरमधल्या डॉक्टरनं फिल्म उजेडाला धरली,
'फुप्फुसात पाणी झालंय.'
आई म्हणाली, 'त्यास्नी पाण्याचं काय भ्या न्हाई.'
खिडकीतून नदी दिसतही नव्हती
अशा खाटेवर, कोरड्या चादरीत,
हिंदुराव पोहणारे बुडाले.
मी मोजत होते. दोन श्वासांमधलं.

तुझ्या पिसांना तेल नसतं म्हणे.
पाणी आत शिरतं,
म्हणून खोल जाता येतं
आणि म्हणूनच मग इतका वेळ
असं हात पसरून उभं राहावं लागतं.

कुणी म्हणेल, आण्णाच आले.
मी नाही म्हणणार.
तुझा डोळा हिरवट आहे, आणि त्यात मी
मासा नसलेली एक वस्तू आहे.
हे बरं वाटलं. दहा दिवसांत
माझ्याकडं दयेनं न पाहणारा
तू पहिलाच.

मंडळी चपला शोधू लागली
तेव्हा तू बुडी मारलीस.
एक, दोन, तीन.
चाळीसला काकानं हाक दिली.
पन्नासला रिक्षा सुरू झाली.
तू कुठं वर आलास
मला माहीत नाही.

संध्याकाळी मोरीत, नळाखाली उभी होते.
आई म्हणाली, 'कळशी वाहतीया की गं कवापास्नं.'
मी एकोणीस हजारांच्या
पुढं कुठंतरी होते.