गळा कुठं ठेवायचा

चोडणच्या फेरीबोटीत कापड मांडीवर घेऊन बसले,
जुन्या चादरीत गुंडाळलेलं,
पोदेराकडून आणलेल्या पावासारखं, अजून ऊन असल्यासारखं.
शेजारच्या बाईनं तिसऱ्यांची टोपली पायाशी सरकवली,
चादरीचं टोक उचलून पाहिलं,
म्हणाली, चुकलंय गो हे. काठ सरळ नाहीत.
मी म्हटलं, हो.

एकतीस वर्षं सोसायटीच्या खतावण्या लिहिल्या मी.
जमेच्या बाजूला जमा, नावेच्या बाजूला नावे,
पाच पैशांचा फरक राहिला तर रात्री आठपर्यंत बसायचं.
निवृत्त झाले त्या महिन्यात
बंद पडलेल्या विणकाम केंद्रातला एक माग
चौघांनी उचलून पडवीत आणून ठेवला,
तेव्हा एवढंच ठरवलं : मोजायचं नाही.

ताणा तेवढा मोजावा लागतो. तो मोजला.
पुढचं हाताला येईल ते.
कुणबी लुगड्याचं म्हणून दुकानदारानं दिलेलं
पहिल्याच पाण्यात रंग सोडणारं लाल सूत,
काथ्या, फाटक्या जाळ्याचा निळा नायलॉन,
खतावण्या बांधायची फीत, जी मी विचारून आणली नव्हती.
धोटा कधी काठापर्यंत नेला, कधी मध्येच वळवला.
फणी ओढायची विसरले
तिथं कापड बोट जाईल इतकं विरळ झालं.
पावडी चुकली की धागे उडी मारून पुढं जात.
उसवलं नाही. एकदाही नाही.
(खोटं. एकदा उसवलं. मग लाज वाटली.)

आणि बरोबर मध्यावर ती चीर.

रत्नप्रभेशी बोलणं बंद होतं ते पंधरा दिवस.
भांडण आईच्या पितळी समईवरून,
जी दोघींनाही नको होती.
फोन आधी तिनं ठेवला की मी, यावर दोन मतं आहेत.
त्या पंधरवड्यात मी दोन धोटे चालवले,
डावीकडे हळदी, उजवीकडे शेवाळी.
दोन्ही मधल्या धाग्यापर्यंत येत
आणि एकमेकांना न शिवता माघारी फिरत.
दीड वीत असंच.
मग एका दुपारी हळदी सूत संपलं
आणि शेवाळी एकटंच गेलं, या काठापासून त्या काठापर्यंत.

रायबंदरला एतेल्वीनाच्या टेबलावर कापड पसरलं.
भिंतीवर कम्युनियनचे पांढरे झगे,
सगळ्यांच्या बाह्या सारख्या फुगलेल्या.
तिनं कातर उचलली. मी खिडकीबाहेर बघू लागले.
कातर खाली ठेवल्याचा आवाज आला.
"हें कापूं नाका," ती म्हणाली,
जणू कापायला मीच निघाले होते.

तीन दिवस तिनं ते खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवलं.
जेवताना बघे, मशीनवर बसून बघे.
मुलाच्या खांद्यावर टाकून त्याला गिरकी घ्यायला लावली.
चौथ्या दिवशी फोन : "गळो खंय दवरूं?"
मी गप्प. मग तीच हसली :
"आसा न्ही हांगा!"

चिरेतून डोकं गेलं.
काठ जिथं बाहेर सुटले होते तिथं बाही झाली,
जिथं आत ओढले होते तिथं कंबर,
माझी नव्हे, पण असेल कुणाची तरी.
सहा बोटं पट्टी उरली, तिचा खिसा, डाव्या अंगाला.
मी डावखुरी आहे हे तिला सांगितलंच नव्हतं.
चिंधी एकही परत आली नाही.
सवयीनं पावती मागितली.
तिनं कॅलेंडरचं पान फाडून लिहून दिलं : सदरा, एक.

परतीच्या बोटीत तो अंगावर घालूनच उभी राहिले
मोटरसायकलींच्या मध्ये.
मांडवीवरचा वारा त्या चिरेतून आत आला
आणि खाली उतरेना.
दोर सोडणाऱ्या पोरानं विचारलं,
"मावशे, फुडली बाजू खंयची?"

मी मान वाकवून पाहिलं.
फिरवून घातला तर हळदी उजवीकडे येईल.
म्हटलं, थांब रे,
दोन्हीकडून घालून बघायचाय अजून.